कळ्या खुडायची वेळ

काल ऑफिसातून आले, फाटकाची कडी काढली आणि तिथेच थांबले. जुईला यंदाच्या पहिल्या कळ्या आल्या होत्या. एकूण अकरा. पहिल्या दिवशी मोजता येतात म्हणून मोजल्या. पंधरा दिवसांनी वेलाकडे बघून नुसतं ‘अगं बाई’ म्हणायचं. हात पुढे केला, तर आतून आईचा आवाज आला, “आता ऱ्हाऊ दे त्यास्नी. उशीर केलास.” पावणेसात वाजले होते, दिवे लागले होते. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा आहे. मी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात वीस वर्षं नियम वाचून दाखवते आहे, पण इतका कडक अंमल कुठल्याच नियमाचा पाहिला नाही.

हात मागे घेतला आणि पायरीवर पर्स ठेवून बसले. श्रावण लागला की माझं असंच होतं. तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा येऊन शेजारी बसतो, आणि कुकर लावायला उशीर होतो.

आमचं घर जुईनगरचं, बैठं. पुढे अंगण म्हणावं तर लोक हसतील. एक रिक्षा उभी केली तर संपेल एवढी जागा. जुईनगरला जुई म्हणूनही लोक हसतात. पण आमची जुई इथली नाहीच. ती पाटणकडच्या आमच्या गावातून ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत आईच्या मांडीवर बसून आली. बाबा तेव्हा मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोणी उचलायचे आणि आई तिथेच लसूण निवडायला जायची. दोघं पहाटे बाहेर पडायची आणि उन्हं उतरल्यावर घरी यायची. म्हणून आईने सकाळचं एकही फूल लावलं नाही. ना जास्वंद, ना झेंडू. “सकाळी फुलनारं फूल रिकाम्या मानसांचं,” असं तिचं मत. “आपुन घरी येतुया तवा फुलंल, असं झाड पायजे.”

आणि तिने तशीच झाडं जमवली. कुंपणाशी गुलबक्षी, जी कुणी लावली नव्हती आणि उपटूनही जात नव्हती. मोरीचं पाणी जाई तिथे सोनटक्का. तेलाच्या डब्यांत निशिगंध. दारावरच्या तारेवर जुई आणि कोपऱ्यात, नळापाशी, रातराणी. चार-साडेचारला गुलबक्षी डोळे उघडते, मग सोनटक्का, मग जुई, आणि सगळ्यांच्या शेवटी, घरोघरी भाकऱ्या थापायचे आवाज सुरू झाले की रातराणी. घड्याळ बंद पडलं तरी आमच्या घरात संध्याकाळची वेळ कधी चुकली नाही. शेजारच्या कदम मावशी मात्र दर पावसाळ्यात न चुकता येऊन सांगायच्या, “रातराणी काढून टाका हो, साप येतो वासानं.” आई म्हणायची, “आला तर येऊ दे. त्यालाबी वास घिऊ दे बिचाऱ्याला.” साप एकदाही आला नाही. मावशी मात्र दर संध्याकाळी यायच्या.

त्या येत गजऱ्यासाठी. गल्लीतल्या सगळ्याच यायच्या. जुईचं एक आहे, उमललेलं फूल तोडलं तर ते तासाभरात मान टाकतं. कळी खुडायची ती पाचच्या सुमाराला, पोट भरून आलेलं असतं पण तोंड मिटलेलं असतं तेव्हा. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मध्ये केळीच्या सोपटाचा ओला धागा. सुई लावायची नाही. मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. बाई ते डोक्यात माळते आणि कळ्या तिच्या केसांत उमलतात. लहानपणी मला वाटायचं, बाबा कामावरून येतात म्हणूनच त्या उमलतात. ते अंघोळ करून पायरीवर बसायचे. कितीही साबण लावला तरी त्यांच्या अंगाला कांद्याचा वास असायचा. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर यायची, बुचड्यावर गजरा, आणि बाबा कपाकडे न बघता तिच्याकडे बघायचे. मग चहा बशीत सांडायचा. यापेक्षा जास्त शृंगार मी माझ्या आईबापांचा पाहिला नाही, आणि याहून जास्त कुणाचा असतो असं मला वाटतही नाही.

बाबा गेले. आईने एकही झाड कमी केलं नाही. कळ्या तशाच खुडायच्या, गजरे तसेच करायचे, फडकं तसंच ओलं ठेवायचं. गल्लीतल्या आठ-दहा जणी घेऊन जायच्या. फक्त तिचा बुचडा मोकळा राहिला. कुणी तिला नको म्हटलं नव्हतं. आमच्याकडे कुणी म्हणत नाही, ते आपोआप होतं.

मी या गोष्टीवर भरपूर बोलले. मी शिकलेली आहे, लग्न केलेलं नाही, आणि त्याचं दुःख मला नसून माझ्या आत्याला आहे. असल्या बाईला मतं भरपूर असतात. मी आईला सांगायचे, तू फुलं लग्नाआधीपासून माळत होतीस ना? मग ती बाबांबरोबर कशी गेली? ती माझी होती ती माझ्याकडेच राहणार, असं म्हण की! आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “डाळीला फोडनी दे.”

आता लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातला पुढचा भाग. माझ्या भावाचं, संदीपचं लग्न खारघरला झालं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. हॉलच्या दारात मी परात घेऊन उभी होते, येणाऱ्या बायकांना गजरे देत. परातीतले गजरे आईनेच केलेले होते, त्याच संध्याकाळी निघण्याआधी, आमच्याच वेलाचे. एकीला दिला, दुसरीला दिला. तिसरी आई होती. माझा हात परातीत गेला आणि थांबला. किती वेळ? डोळ्याची पापणी लवावी इतकाच. आई म्हणाली, “फुडं चल, मागं बाया खोळंबल्यात.” आणि मी पुढे गेले. तिच्या मागे उभ्या असलेल्या कदम मावशींच्या हातात गजरा ठेवला आणि हसलेसुद्धा. इतकी भाषणं दिलेला माझाच हात! त्या दिवसाचे फोटो मी अजूनही नीट बघत नाही.

तर तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. सोनटक्क्यापाशी शेवाळं धरलं होतं, तिथे आई घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. मी रजा टाकली. साहेब म्हणाले, “सहा आठवडे? मनगटाला?” मी म्हटलं, “मनगटाला नाही साहेब, जुईला.” त्यांना विनोद वाटला, पण मी खरंच सांगत होते. घरातलं जेवणखाण मी ऑफिस सांभाळूनही केलं असतं. पाच वाजता कळ्या खुडायला मात्र घरी माणूस हवंच होतं.

आई प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्यातल्या झोळीत हात, आणि मी स्टुलावर. “ती न्हवं, ती उद्याची हाय. तिच्या शेजारची. अगं नख लावू नगं, देठ वाकडा कर, आपसूक येतीया.” पहिले आठ दिवस माझे गजरे बघून गल्लीतल्या बायका आईची जास्तच विचारपूस करायला लागल्या, लवकर बऱ्या व्हा म्हणून. मी धागा इतका आवळायचे की कळ्यांच्या माना तुटून पडायच्या. आई म्हणायची, “तू काय फायली बांधतीयास व्हय?” पण हळूहळू बोटांना कळायला लागलं. माझ्या बोटांना इतक्या वर्षांत टंकलेखनापलीकडे काही येत नव्हतं. त्या पावसाळ्यात त्यांना उद्याची कळी आणि आजची कळी डोळे मिटून ओळखता यायला लागली. पन्नाशी जवळ आल्यावर नवीन काही येऊ लागलं की माणूस उगाच खूश असतं. मी पण होते.

आणखी एक काम अंगावर आलं, आईची वेणीफणी. एका हाताने तिला बुचडा घालता येईना. मग रोज साडेपाचला, गजरे करून झाले की ती पायरीवर माझ्या पुढ्यात बसायची. तिचे केस अजून दाट आहेत, नुसते पांढरे झालेत. मी तेल लावायचे, विंचरायचे, बुचडा घालायचे. शेजारी ओल्या फडक्यात आठ-दहा गजरे असायचे. हातभर अंतर. मी रोज तो बुचडा बघायचे, रोज ते फडकं बघायचे, आणि फणीतले केस गोळा करून उठायचे. एकदाही धीर झाला नाही. इतर वेळी माझं तोंड बंद ठेवायला घरच्यांना कष्ट पडतात.

समोरच्या इमारतीत त्या महिन्यात पूनम राहायला आली होती. लातूरकडची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, नवरा तुर्भ्याच्या एका कंपनीत. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून तिने आमचा रोजचा खटाटोप पाहिला आणि चौथ्या दिवशी खाली उतरून सरळ विचारलं, “ताई, मला पण मिळेल का एक?” मग ती रोजची झाली. आईला काकू म्हणायची, तिकडच्या पावसाचं, तिच्या आईच्या मोगऱ्याचं बोलायची. कधी फाटकाच्या आत आली नाही, कुंपणाबाहेर उभी राहूनच घेऊन जायची. त्यामुळे आतल्या भिंतीवरचा, हार घातलेला बाबांचा फोटो तिने पाहिलेला नव्हता.

एका संध्याकाळी ती आत आली. मी नुकताच बुचडा घालून हात पुसत होते. तिने गजरा घेतला, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, “काय काकू, सगळ्या गल्लीला वाटता आणि स्वतः मोकळ्याच? हात दुखतोय म्हणून का?” मी काही बोलायच्या आत तिने आपल्या गजऱ्याचे दोन तुकडे केले, स्वतःच्या केसांतला आकडा काढला आणि अर्धा गजरा आईच्या बुचड्यावर लावून टाकला. वर दोन पावलं मागे जाऊन म्हणाली, “आता कसं छान दिसतंय!”

तिचं काय चुकलं? आईच्या हातात दोन पाटल्या होत्या, एक हात तर प्लॅस्टरमध्येच. गळ्यात साधी साखळी. हल्ली मंगळसूत्र रोज कोण घालतं? आणि कपाळावर मधोमध हिरवा ठिपका. पूनमला ती टिकली वाटली. ते गोंदण होतं. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या कपाळावर असतं तसं.

आईचा डावा हात वर गेला. बोटं गजऱ्याला लागली. मला वाटलं, आता ओढून काढते. हात तसाच खाली आला. पूनम हात हलवून गेली. मी खांबासारखी उभी. गुलबक्षी उमलली होती, सोनटक्का उमलत होता, आणि माझ्या आईच्या डोक्यात सहा वर्षांनी जुई होती. थोड्या वेळाने मी जे विचारलं त्याची मला आजही लाज वाटते. मी विचारलं, “काढू का गं?”

आई समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, “दिवं लागलं न्हाईत का? दिवं लागल्यावर फुलाला हात लावू ने.”

दिवे लागायला अजून अर्धा तास होता. नियम झाडाचा होता, डोक्यातल्या गजऱ्याचा नव्हता. पण मी कधी नव्हे ते नियमाचा अर्थ लावायला गेले नाही. रात्री आम्ही जेवायला बसलो. आई ताटावर वाकली की जुईचा वास यायचा आणि ती थोडी जास्तच वाकायची.

दुसऱ्या दिवशी कदम मावशींनी पूनमला जे सांगायचं ते सांगितलं. मावशी वाईट नाहीत. त्यांना वाटलं, पोर अजाण आहे, पुढे कुठे फजिती नको. पाच वाजता पूनम आली ती रडतच. “काकू, माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं. कपाळावर टिकली दिसली म्हणून मी... देवाशप्पथ माहीत नव्हतं.”

आई म्हणाली, “अगं, ती टिकली न्हवं, गोंदान हाय. सात वर्सांची हुते तवा जत्रंत गोंदलंय. पुसाय गेलं तरी पुसत न्हाय ते. आन् रडतीस कशापायी? फूलच लावलंस न्हवं? चोरी केलीस का?”

पण पूनम रडायची थांबली नाही, आणि गजरा न घेताच गेली. नंतर ती आलीच नाही. मी तिच्या नावाचा गजरा रोज करत होते; तो फडक्यात उमलायचा आणि सकाळी पिवळा पडायचा. तिच्या गॅलरीत कपडे वाळत दिसायचे, ती दिसायची नाही. आई खुर्चीत बसून तिकडेच बघायची. एकदा म्हणाली, “त्या लेकराला वाटतंय, तिच्या हातनं पाप घडलं.”

त्याच दिवशी विंचरताना माझ्या तोंडून निघून गेलं. “आई, संदीपच्या लग्नात मी तुला गजरा दिला नाही.”

“व्हय.”

“तू पुढं चल म्हणालीस म्हणून मी—”

“तुझा हात आदीच थांबला हुता,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्याने जास्त लागलं. “तू अवघडलीस. चारचौघांत पोरीची फजिती नगं, म्हनून म्हनलं फुडं चल.”

म्हणजे तिने पाहिलं होतं. पाहून मला सावरून घेतलं होतं. आणि मी दोन वर्षं मनाशी म्हणत होते की ती स्वतःच नको म्हणाली. मी फणी खाली ठेवली आणि रडले, चांगली हुंदके देऊन. आई म्हणाली, “आधी तेवढा गुता काढ, मग रड.”

गुंता काढता काढता मी तिला एक प्रश्न विचारला. सहा वर्षांत भाषणं दिली होती, पण हा प्रश्न कधी विचारला नव्हता. “तुला माळावंसं वाटतं का?”

 मावशींच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मग ती म्हणाली, “तवा दुसऱ्या दिवशी सकाळी उशीला वास हुता. मी अभ्रा धुतला न्हाय अजून.”

मी बुचडा घातला. त्या दिवशी तरी मी गजरा उचलायचा होता, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं. पण एकदा माझ्या हाताने ठरवलं होतं, एकदा पूनमच्या. तिसऱ्यांदा तिनेच ठरवावं, असं मला वाटलं. हा शहाणपणा होता की भित्रेपणा, अजून सांगता येत नाही.

भाद्रपद सरत आला, प्लॅस्टर निघालं. मनगट वाळून पोरीच्या मनगटाएवढं झालं होतं, पण हात चालायला लागला. तिने आधी वेणीफणी परत आपल्या ताब्यात घेतली, मग कळ्या खुडणं. माझं स्टूल गेलं, मी परत ऑफिसात. जुईचा भर ओसरला होता. वेलावर वीस-पंचवीस कळ्या निघायच्या, तीन गजरे होतील इतक्या. हवेत आश्विनाचं ऊन आलं होतं, आणि बाजूच्या मैदानात गरब्याचे मांडव उभे राहत होते. मला वाटलं, झालं, हा हंगाम असाच गेला.

घटस्थापनेनंतरचा रविवार. मी पायरीवर वर्तमानपत्र वाचत होते. आईने कळ्या खुडल्या, गजरे केले. दोन फडक्यात ठेवले, तिसरा हातातच ठेवला. आत जाऊन तोंड धुऊन आली, लुगडं बदलून आली. केस तिने स्वतःच विंचरले होते, बुचडाही घातलेला होता, घट्ट आणि नीटनेटका. माझ्या हाताला तसा कधी जमला नाही. आणि ती येऊन माझ्या पुढ्यात, खालच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून बसली. खांद्यावरून गजरा मागे केला.

मी वर्तमानपत्र बाजूला टाकलं. आकडा दोनदा खाली पडला. कदम मावशी फाटकापाशी येऊन उभ्या होत्या. समोर दुसऱ्या मजल्यावर पूनम कपडे काढायला बाहेर आली होती. तिचं अजून इकडे लक्ष नव्हतं. मी गजरा बुचड्याच्या खाली, मानेशी लावायला गेले, कुणाला पटकन दिसू नये असा.

“तितं नगं,” आई म्हणाली. “वर माळ. त्या पोरीला तितनं दिसाय पायजे.”